जपून सरांचं पत्र

सर वर्गात यायचे ते आधी नुसती मान घालून. दाराच्या चौकटीतून डोकं आत यायचं, डोळे बाकांवरून फिरायचे, छताच्या पंख्याकडे एकदा बघून व्हायचं, आणि मग उरलेले सर आत यायचे. पंखा जुना होता, फिरताना हलायचा. तो एक दिवस आपल्याच डोक्यात पडणार याची सरांना खात्री होती. म्हणून त्यांनी टेबल सरकवून भिंतीला लावलं होतं आणि तिथून, पाठ भिंतीला टेकवून, ते आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तास संपला की पुस्तक मिटत म्हणायचे, "जपून जा." कुठे, तर शेजारच्या वर्गात.

हा शब्द त्यांच्या तोंडी इतका बसला होता की त्यांचं नावच जपून सर पडलं. स्टँडवरचा रसवालासुद्धा त्यांना याच नावाने ओळखायचा. सरांना ते ठाऊक होतं. एकदा कोणीतरी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'जपुन सर' लिहून ठेवलं. आम्ही श्वास रोखून बसलो. सर आले, त्यांनी वाचलं, ऱ्हस्व उकार पुसून दीर्घ केला आणि शिकवायला लागले.

ते कशाकशाला घाबरतात हे मधल्या सुट्टीत एकमेकांना सांगून आम्ही हसायचो. कुत्र्याला घाबरायचे. आभाळ गडगडलं की खिडकीपासून लांब जाऊन उभे राहायचे. एस्टीत कधी पुढच्या सीटवर बसायचे नाहीत. पण सगळ्यांत जास्त घाबरायचे ते सहीला. प्रॅक्टिकलच्या वहीवर सही करायची तर आधी पान अथपासून इतिपर्यंत वाचायचे, मग मागचं पान उलटून बघायचे, मग पेनाचं टोपण काढायचे. "सही केली की माणूस सापडतो," असं म्हणायचे. स्पिरिटचा दिवा पेटवताना त्यांचा हात लांब आणि तोंड भिंतीकडे असायचं. देठाचे काप घ्यायला ब्लेड वाटायचे तेव्हा प्रत्येकाला बजावायचे, "बोट तुमचं हाय, ब्लेड कॉलेजचं. बोट सांभाळा." आम्ही शिकलो तेवढ्या वर्षांत त्या प्रयोगशाळेत कोणाचं बोट कापलं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

वर्षातून एकदा ते आम्हाला वनस्पती गोळा करायला गोदावरीच्या काठी न्यायचे. सरांना पोहता येत नव्हतं. तरी आमच्या आणि पाण्याच्या मध्ये तेच उभे राहायचे, दोन्ही हात पसरून, पाठ नदीकडे करून. एकदा अगदी पाण्याच्या कडेला लव्हाळा दिसला आणि तो मुळासकट हवा होता. मुलं धावली तर सर ओरडले, "कोणी न्हाई जायचं." मग स्वतः चिखलात बसले आणि बसूनच पुढे सरकत गेले, डोळे अर्धे मिटून. परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल, हातात लव्हाळा आणि दात वाजत होते. म्हणाले, "घ्या. मुळासकट हाय."

त्यांना काही लपवता यायचं नाही. मायक्रोस्कोपचं एक भिंग त्यांच्या हातून फुटलं. कोणी पाहिलं नव्हतं, सत्राअखेरपर्यंत कळलंही नसतं. सर तुकडे कागदात गुंडाळून त्याच पावली प्राचार्यांकडे गेले आणि बोलणी खाऊन आले. आमच्यातल्या एकाने विचारलं, "सर, कामून सांगितलं?" सर म्हणाले, "न सांगता रोज भेण्यापेक्षा एकदाच जाऊन भ्यायलेलं बरं. पोटभर जेवता तरी येतं."

मीही भित्रीच. पहिल्या वर्षीच्या तोंडी परीक्षेत सरांसमोर बसले आणि एक अक्षर फुटेना. समोर स्लाइड होती, उत्तर येत होतं, पण ओठ हलेनात. सर माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुम्ही पण भेता का? मंग बसा थोडं. दोघं मिळून भिऊ." ते मुलींना कधी अगं-तुगं करायचे नाहीत, सगळ्यांना तुम्ही. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या हातात खडू दिला आणि फळ्याकडे तोंड करून उत्तर लिहायला सांगितलं. मी लिहीत गेले. फळ्यावर जागा उरली नाही तेव्हा मागून आवाज आला, "बराबर. आता पुसा, न्हाईतर पुढची पोरं बघतील."

शेवटच्या वर्षी निकाल लागला तेव्हा ते मला म्हणाले होते, "वैशाली, तुम्ही पुढं शिका." मी हो म्हटलं. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

सासर तीर्थपुरीजवळचं. सासऱ्यांना घरात आणि बाहेर सगळे दादा म्हणत. शेती मोठी, माणसांचा राबता मोठा, आणि मी ज्या कॉलेजात शिकले त्या संस्थेचे ते उपाध्यक्ष. दादा कधी आवाज चढवत नसत. त्यांना त्याची गरजच पडत नसे. नवरा, सतीश, तीर्थपुरीत कृषी सेवा केंद्र चालवायचा. स्वभावाने चांगला, पण वडिलांसमोर त्याचीही जीभ टाळ्याला चिकटायची. मी गावातल्या इंग्रजी शाळेत विज्ञान शिकवत होते. मुलगी झाली, ओवी. अशी सात-आठ वर्षं गेली.

मग हैदराबादच्या एका विद्यापीठाची जाहिरात पाहिली. पिकांच्या रोगांवरचा दोन वर्षांचा संशोधनाचा अभ्यासक्रम, निवड झाली तर विद्यावेतन. दुकानात रोज कोणीतरी शेतकरी वाळलेलं कपाशीचं पान घेऊन यायचा आणि सतीश त्याला कंपनीच्या माणसाने सांगितलेलं औषध द्यायचा. ते पान मी घरी आणून बघत बसायचे आणि मला कळायचं की हे औषध याचं नाही. कळायचं, पण पुढचं काही यायचं नाही. मी धीर करून जेवणाच्या वेळी दादांसमोर विषय काढला. दादांनी घास संपवला. म्हणाले, "पोरगी लहान हाय. गावात नोकरी हाय. हा विषय परत काढायचा न्हाई." आणि भाजी मागून घेतली.

सतीश खोलीत आल्यावर म्हणाला, "तू भर अर्ज. निवड झाली तर बघू. तोवर दादांना कळू द्यायचं न्हाई." त्या दिवसापासून माझी झोप गेली. मोबाइल वाजला की छातीत धस्स व्हायचं. दादा अंगणात कोणाशी बोलत असले तरी मला वाटायचं, माझ्याबद्दलच बोलताहेत.

अर्जाला दोन शिफारसपत्रं लागत होती. एक नोकरीच्या ठिकाणचं. ते सोपं होतं, आमच्या मुख्याध्यापिका जालन्याहून येणाऱ्या, त्यांनी लगेच होकार दिला आणि कुठे बोलल्याही नाहीत. दुसरं हवं होतं ते कॉलेजात शिकवलेल्या प्राध्यापकाचं. इतक्या वर्षांनी कोणाकडे जायचं? विभागप्रमुख वारले होते. दुसऱ्या मॅडम बदलून कुठे गेल्या ते कोणाला माहीत नव्हतं. राहिले जपून सर. ते अजून तिथेच शिकवत होते, नोकरीचं शेवटचं वर्ष.

आईकडे जाते असं सांगून मी काळीपिवळी जीप धरली आणि घनसावंगीला, सरांच्या गावी, उतरले. ओळखीचं कोणी दिसेल म्हणून पदर डोक्यावर ओढून घेतला होता. दार सरांनीच उघडलं, आधी फटीतून बघून. केस पांढरे झालेले, बाकी तेच. मला ओळखलं आणि चेहऱ्यावर आनंद आला, पण लगेच मागे गेला. म्हणाले, "या ताई, बसा."

"सर, ताई काय म्हणता? मी तुमचीच विद्यार्थिनी."

"हो, पण आता दादांच्या सूनबाई."

काकूंनी चहा आणला. मी सगळं सांगितलं, दादांचा नकारही सांगितला. तो लपवून पत्र मागणं मला शक्य नव्हतं. ऐकता ऐकता सरांचा कप बशीवर वाजायला लागला. त्यांनी तो खाली ठेवला. "माझं पेन्शनचं प्रकरण पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत संस्थेकडून जाणार हाय. दादांच्या हाताखालून," ते म्हणाले. "दुसरं काय पण मागा, वैशाली. पुस्तकं मागा. परीक्षेची तयारी करून देतो, रोज या. सही तेवढी मागू नका."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, पोरगी एवढ्या लांबून आली..."

"मला भेव वाटतं," सर म्हणाले. इतक्या सरळपणे म्हणाले की मला राग आला नाही. मलाही तेच वाटत होतं. मी नमस्कार करून निघाले. मागून नेहमीचा शब्द आला, पण आवाज फार बारीक होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी शाळेत असताना त्यांचा फोन आला. कुजबुजत होते. "वैशाली, नाव टाका माझं."

"सर, तुम्ही..."

"मी काय सांगतो ते ऐका, मला जास्त वेळ धीर टिकत न्हाई. टाका." आणि फोन ठेवला.

मी त्याच संध्याकाळी अर्जात त्यांचं नाव भरलं. वेबसाइट म्हणाली, शिफारस करणाऱ्याचा ईमेल संस्थेचाच हवा, खासगी चालणार नाही. कॉलेजच्या वेबसाइटवर सरांच्या नावासमोर एक ईमेल होता. तो टाकून मी बटण दाबलं. पत्र भरण्याची लिंक त्या ईमेलवर गेली, असं पडद्यावर आलं, आणि मला पहिल्यांदाच थोडं हलकं वाटलं.

ते एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांचा फोन. या वेळी आवाज कुजबुजीपेक्षाही खाली होता. "तुमची मेल आल्ती. पण तो ईमेल मी कधी उघडलेला न्हाई. सगळ्या प्राध्यापकांचे ईमेल ऑफिसातला क्लार्क बघतो, पासवर्ड त्याच्याकडंच असतात. त्यानं वाचली. मला बोलवून कागद काढून दिला आन् म्हणला, दादांच्या सूनबाई हैदराबादला चालल्या का? तुमची मेल तिकडं जाईल, हे मला म्हाइत नव्हतं."

मी वर्गाबाहेरच्या पायरीवर बसले. तो क्लार्क दादांचा माणूस, दर सोमवारी कागद घेऊन आमच्या घरी यायचा. तो रविवार होता. मुलांची जादा शिकवणी असल्याने मी शाळेत होते आणि ऑफिसचं काही काम निघाल्याने क्लार्क आणि सर कॉलेजात. उद्या तो येणार, दादांसमोर बसणार आणि चहा पिता पिता सांगणार. मी सतीशला फोन केला. तो म्हणाला, "आता?"

घरी आले. दादा बैठकीच्या खोलीत कोणाशी तरी फोनवर बोलत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली. सारखं वाटत होतं, आत्ताच आत जावं आणि सांगून टाकावं. उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. ओवीने विचारलं, "आई, तू काय शोधतेस?"

तेवढ्यात फाटकाशी कुत्रा भुंकायला लागला. आमचा कुत्रा मोठा आणि अनोळखी माणसाला सोडायचा नाही. मी खिडकीतून बघितलं. फाटकाबाहेर जपून सर उभे होते. पांढरा सदरा, काखेत पिशवी, आणि कुत्रा आतून लोखंडी गजांवर उड्या घेत होता. सर हाक मारत होते, पण इतक्या हळू की घरात कोणाला ऐकू गेलं नसतं. तरी ते परत फिरत नव्हते. डोळे गच्च मिटून फाटकाची कडी चाचपत होते.

मी धावत गेले, कुत्र्याचा पट्टा धरला. "सर, तुम्ही इथं कामून आलात?"

"दादा हायेत का? मला त्यांना सांगायचंय."

"सर, नका. हात जोडते." मला रडू यायला लागलं. "मी संपेन सर. मला या घरात राहायचंय."

सरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ते माझ्याकडे न बघता, कुत्र्याकडे बघत बोलले. "उद्या तो क्लार्क सांगणारच हाय. त्यानं सांगितलं तर तुम्ही चोर आन् मी बी चोर. आज आपण सांगितलं तर आपण नुसते भित्रे. वैशाली, मला लपवायचं लई भेव वाटतं. ह्याच्यापेक्षा जास्त," त्यांनी कुत्र्याकडे बोट दाखवलं. "जाऊ द्या मला आत. जल्दी. नंतर जमणार न्हाई."

आतून दादांचा आवाज आला, "कोण हाय?"

सर आत गेले. मी मागच्या दाराने येऊन बैठकीच्या पडद्याआड उभी राहिले. तिथून मला दादा दिसत नव्हते, सर अर्धे दिसत होते. खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते, पिशवी मांडीवर घट्ट धरून. सासूबाईंनी चहा नेऊन दिला. मग सरांनी एका दमात सांगून टाकलं: वैशालीचा अर्ज, हैदराबाद, पत्र, आलेली मेल.

दादा म्हणाले, "मी न्हाई म्हणून घरात सांगितलेलं हाय."

"मला सांगितलं त्यांनी. लपवलं न्हाई."

"आन् तरी तुम्ही पत्र देणार?"

"देणार हाय दादा. म्हणून तर आलो. पत्रात काय लिहिणार ते आधी तुम्हाला सांगतो. त्यात काय खोटं वाटलं तर सांगा, तेवढं काढून टाकतो." पुढचं ते वर्गात बोलायचे तसं बोलले, भिंतीकडे बघून. "हिचा हात स्थिर हाय. देठाचा इतका पातळ काप माझ्या सगळ्या नोकरीत कोणी घेतला न्हाई. मी सोता सुद्धा न्हाई. एकदा प्रॅक्टिकलला सगळ्या वर्गाचं उत्तर एक आलं आन् हिचं वेगळं. ही भेत भेत माझ्याजवळ आली. म्हणली, सर, माझं चुकलं असंल, पण मला असंच दिसून राह्यलंय. मी बघितलं, तर हिचं बराबर होतं. सगळ्या वर्गाचं चुकलेलं. माझं बी चुकलेलं. बाकीचे गप बसले असते दादा, मास्तरचं चुकलं असं कोण सांगतं? ही बोलायला भेती, हे बी मी लिहिणार हाय, खोटं कशाला लिहायचं. पण भेत का व्हईना, दिसलं ते सांगती. असं माणूस शिकायला पाहिजे."

पडद्याआड मी तोंडावर पदर धरून उभी होते. आजपर्यंत माझ्याबद्दल इतकं कोणी बोललं नव्हतं, आणि ते मला ऐकायला मिळत होतं अशा जागी, जिथे पुढच्या क्षणी काय होईल या भीतीने मला धड उभं राहवत नव्हतं. ते वेगळं उत्तर मी पार विसरून गेले होते.

दादा अगदी शांतपणे म्हणाले, "सर, तुमचं पेन्शनचं प्रकरण माझ्याकडंच येणार हाय ना?"

"हो दादा. त्याचंच भेव वाटून राह्यलंय." सरांनी हात पुढे केला. "हे बघा."

हात लटलट कापत होता. बाहेर कुत्रा भुंकून भुंकून थांबला होता. शेवटी दादा म्हणाले, "चहा घ्या. गार होऊन राह्यला." सरांनी चहा एका घोटात संपवला, उठले, नमस्कार केला आणि गेले.

थोड्याच वेळात दादाही उठले. चप्पल घातली, नुकत्याच दुकानातून आलेल्या सतीशकडे किंवा माझ्याकडे न बघता बाहेर गेले, आणि त्यांची जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. दादा घनसावंगीला चालले, संस्थेच्या सेक्रेटरींच्या घरी. आता सरांची फाइल अडकणार, आणि ती माझ्यामुळे. मी देवघरासमोर जाऊन बसले.

दादा परत आले, जेवले, झोपायला गेले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी क्लार्क आला, सह्या घेऊन गेला. दादा काही बोलले नाहीत. अर्जाच्या पानावर सरांच्या नावासमोर 'पत्र मिळालं' असं आलेलं दिसलं. ते पत्र मला कधी वाचायला मिळालं नाही, तसा नियमच होता. पुढचे कितीतरी दिवस मी त्या घरात पावलं न वाजवता वावरले. दादांच्या ताटात वाढताना चमचा हलायचा. ते खाकरले तरी मला वाटायचं, आता बोलणार. भीती अशी अंगात मुरली होती की रात्री ओवीचा हात अंगावर पडला तरी मी दचकायचे.

मग एका सकाळी मी अंगण झाडत असताना दादा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "ओवीला कोण बघणार, ते ठरवलंय का तुम्ही दोघांनी?"

मी म्हटलं, "सतीश... आणि सासूबाई..."

"शाळेत सोडायचं काम मी करीन," दादा म्हणाले आणि पेपर उघडला.

निवड झाली. मी हैदराबादला गेले. परतूरहून रेल्वेत बसले. वर्गातल्या पोरी माझ्यापेक्षा फार लहान, इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्या. प्रयोगशाळेत मात्र ब्लेड हातात आलं की मी ठीक असायचे. महिन्यातून एकदा घरी यायचे. सर त्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या पेन्शनचं काय झालं हे मला दादांना विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी सरांनीच फोन केला. "झालं काम. दादांनी सोता जालन्याला नेलं, त्यांच्या जीपमधी. ड्रायव्हर बिलकुल बघून चालवत न्हाई हो. रस्ताभर मी डोळे मिटून बसल्तो." मी हसले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ रडले.

सुट्टीत गेले की त्यांना भेटायचे. ते मला काय शिकवतात तिथे, असं विचारायचे आणि माझ्या मोबाइलमधले फोटो डोळ्यांजवळ धरून बघायचे. बुरशीने खाल्लेलं पान, मुळावरच्या गाठी. "हे असं दिसतं होय," म्हणायचे. "पुस्तकात नुसती रेघ होती." एकदा म्हणाले, "तिथं पण भेता का?" मी म्हटलं, "रोज." ते समाधानाने मान हलवत म्हणाले, "मंग बराबर चाललंय."

शेवटच्या सत्रात एका सकाळी दादांचा फोन आला. दादा मला कधी फोन करत नसत. स्क्रीनवर नाव बघून आधी मनात ओवी आली, मग सतीश. दादा म्हणाले, "सर गेले. झोपेतच गेले. काकू चहा घेऊन गेल्या तर उठेनात." मग थोडं थांबून, "मी तिकडं निघालो. तू ये."

मी पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. काकूंजवळ बसले. त्यांनी माझा हात हातात घेऊन ठेवला. भेटायला आलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी घर भरलं होतं, वेगवेगळ्या वर्षांची पोरं, कोणी शिक्षक झालेले, कोणी शेती करणारे, एकजण पोलिसात. सगळे हळू आवाजात त्यांच्याच गोष्टी सांगत होते आणि मध्येच हसत होते, आणि हसल्यावर ओशाळत होते.

परत येताना मी दादांच्या शेजारी जीपमध्ये बसले. ड्रायव्हर नव्हता, दादा स्वतः चालवत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. गाव जवळ आलं तसे दादा बोलले. सर घरी आले होते त्या दिवसाबद्दल.

"फाटकाच्या बाहेर गेला आन् वळणावर खाली बसला माणूस. पाय चालंनात. मी खिडकीतून बघत होतो. मंग जीप काढली आन् घरापर्यंत सोडलं त्याला. रस्ताभर एक शब्द बोलला न्हाई. उतरताना म्हणतो, दादा, पत्र मी आजच पाठवणार हाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणलो, पाठवा."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते सगळे दिवस माझ्या डोळ्यांपुढून गेले, ताटात वाढताना हलणारा चमचा, घरात न वाजवलेली पावलं. "दादा, मग मला का नाही सांगितलं? मी त्या दिवसांत किती..."

दादांनी समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला वाट दिली. तो जाईपर्यंत थांबले.

"तू विचारलंस कुठं," ते म्हणाले.